चांद जाड दिसला म्हणून दुसऱ्या दिवसाचा होत नाही



चांद दिसला की घरोघरी मुबारकबादी सुरू होते आणि पाठोपाठ एक वादही. पूर्वी हा वाद मशिदीच्या पायऱ्यांवर किंवा गच्चीवर व्हायचा, आता मोबाईलवर होतो. रमजानच्या पहिल्या संध्याकाळी चांद जरा ठळक दिसला की कुणीतरी म्हणतेच, "एवढा मोठा? हा पहिल्या दिवसाचा असूच शकत नाही. आपला एक रोजा गेला." एखाद्या वर्षी नेमके उलटे होते. आकाश स्वच्छ असते, अमावास्या आदल्या रात्रीच संपलेली असते, तरी आपल्या गावात काही दिसत नाही आणि दुसऱ्या गावातून चार माणसे गवाही देतात. मग ऐकायला मिळते, "गेल्या महिन्यात एवढ्याच तासांचा चांद सगळ्यांनी पाहिला, आज इथे कुणालाच नाही. तिकडचे खोटे बोलतात."

चांगल्या नमाजी माणसांना खोटे ठरवण्यापर्यंत गोष्ट जाते. एका घरात दोन भाऊ दोन दिवशी ईद करतात. दादीजान गप्प बसतात, सुनेला कळत नाही की शीरखुर्म्याचे दूध आज घ्यायचे की उद्या, आणि मुले शाळेत येऊन मला विचारतात, "टीचर, नक्की खरे कोण?"

चांद कधी मानायचा आणि कुणाची गवाही धरायची हा उलेमांचा आणि रूयत-ए-हिलाल कमिटीचा विषय आहे. त्यात मी पडणार नाही. पण चंद्र आकाशात कसा चालतो हा माझ्या तासाचा विषय आहे. या वादातली दोन्ही वाक्ये एकाच समजुतीवर उभी आहेत. ती समजूत अशी, की चंद्र घड्याळाच्या काट्यासारखा सारख्या वेगाने फिरतो आणि म्हणून तास मोजले की चांद किती मोठा हवा ते कळते. चंद्र तसा फिरत नाही. कधी तो घाईत असतो, कधी निवांत. असे का, हे कळायला गुरुत्वाकर्षणापर्यंत जावे लागते.

उर्दूत गुरुत्वाकर्षणाला कशिश-ए-सिक्ल म्हणतात. कशिश म्हणजे ओढ. मला हा शब्द मराठी शब्दापेक्षा आवडतो, कारण सातवीच्या मुलांना तो फळ्यावर लिहिण्याआधीच कळलेला असतो. विश्वातली प्रत्येक वस्तू दुसऱ्या वस्तूला ओढते. वस्तुमान जास्त तर ओढ जास्त, आणि अंतर वाढले की ओढ झपाट्याने कमी. अंतर दुप्पट झाले तर ओढ निम्मी होत नाही, चौथा हिस्सा उरते. तिप्पट झाले तर नववा हिस्सा. आयझॅक न्यूटनने १६८७ साली छापलेल्या आपल्या ग्रंथात हे मांडले.

आता वर्गातला नेहमीचा प्रश्न. पृथ्वी चंद्राला ओढते तर चंद्र पडत का नाही? उत्तर ऐकून मुले हसतात, कारण उत्तर आहे: पडतो. रोज, दर क्षणाला पडतो. फक्त पडताना तो आडवाही पळत असतो. गच्चीवरून चेंडू नुसता सोडला तर सरळ खाली येतो, आडवा फेकला तर अंगणापलीकडे जाऊन पडतो, जोरात फेकला तर आणखी लांब. आता असा जोर कल्पा की चेंडू जितका खाली येईल तितकीच गोल पृथ्वीची जमीनही त्याच्याखालून वळत जाईल. मग तो पडतच राहील, पण जमीन कधी येणार नाही. चंद्राचे तसेच आहे. एका सेकंदात तो सुमारे एक किलोमीटर पुढे जातो आणि त्याच सेकंदात पृथ्वीकडे सव्वा ते दीड मिलिमीटर पडतो. एवढेसे पडणे त्याची सरळ वाट वाकवून गोल करायला पुरते.

न्यूटनने याचा हिशेबही लावून पाहिला. झाडावरचे फळ पृथ्वीच्या केंद्रापासून एक त्रिज्या अंतरावर आहे, तर चंद्र साधारण ६० त्रिज्या. म्हणजे तिथे ओढ ६० गुणिले ६०, म्हणजे ३६०० पटींनी कमी असायला हवी. फळ पहिल्या सेकंदात सुमारे ४.९ मीटर पडते. चंद्राला तेवढेच पडायला पूर्ण एक मिनिट लागते, आणि ३६०० पट कमी ओढीला हिशेबाने तेवढाच वेळ लागायला हवा. हे गणित मुलांकडून करून घेतले की वर्ग क्षणभर शांत होतो. आंगणातले फळ आणि आकाशातला चांद एकाच कायद्याने पडतात, हे त्यांना स्वतःच्या वहीत दिसते.

चंद्राचा रस्ता मात्र अगदी गोल नाही. कंपासने १० सेंटिमीटर त्रिज्येचे वर्तुळ काढा आणि पृथ्वी मध्यबिंदूवर न ठेवता जेमतेम अर्धा सेंटिमीटर बाजूला ठेवा, एवढाच फरक. कागदावर डोळ्यांना जाणवणारही नाही. पण आकाशात त्याचा अर्थ असा, की चंद्र कधी पृथ्वीपासून ३ लाख ५७ हजार किलोमीटरच्या आसपास येतो, तर कधी ४ लाख ६ हजारांवर जातो. जवळ येताना तो पृथ्वीकडे पडत येतो, म्हणून वेग वाढतो. लांब जाताना वर फेकलेल्या चेंडूसारखा मंदावतो. झोपाळ्यावर बसलेल्या मुलीला विचारा, झोका खाली येताना जोरात येतो आणि वर गेला की जणू थांबतो. चंद्राचा झोका २७ दिवसांहून थोडा जास्त चालतो. जवळ असताना तो सेकंदाला सुमारे १.०८ किलोमीटर धावतो, लांब असताना ०.९७.

हा फरक ऐकायला किरकोळ वाटतो. पण शिवाय जवळची वस्तू आपल्याला आणखी वेगाने सरकताना दिसते. रस्त्याकडेचा सायकलवाला झर्रकन जातो आणि लांबच्या पुलावरची गाडी रेंगाळते, तसे. दोन्ही गोष्टी एकत्र आल्या की तारांच्या पार्श्वभूमीवर चंद्र एका दिवसात कधी १५ अंश सरकतो, कधी १२ अंशांहूनही कमी. हात सरळ लांब करून मूठ धरली तर मुठीची रुंदी सुमारे १० अंश आणि करंगळीची एक अंश, हे माप लक्षात ठेवा. पुढे लागेल.

आता पश्चिमेला तोंड करून उभे राहू या.

अमावास्येच्या क्षणी चंद्र आणि सूर्य आपल्याला एकाच दिशेला असतात. चंद्राची उजळ बाजू तेव्हा सूर्याकडे आणि काळोखी आपल्याकडे. तिथून चंद्र सूर्यापासून हळूहळू दूर सरकू लागतो. किती दूर सरकला यावर त्याची कोर किती जाड दिसेल आणि सूर्य बुडाल्यावर तो किती वेळ वर राहील, हे ठरते. तासांवर ठरत नाही, अंतरावर ठरते. सूर्यही रोज एक अंश त्याच दिशेला सरकतो, तो वजा केला तर घाईतला चंद्र सूर्यापासून दिवसाला सुमारे १४ अंश दुरावतो आणि निवांत चंद्र पावणेअकरा.

समजा, दोन वेगळ्या महिन्यांत मगरिबच्या वेळी चांद बरोबर २० तासांचा आहे. घाईतला चंद्र तेवढ्या वेळात सुमारे १२ अंश दूर गेलेला असेल. आकाश स्वच्छ असेल तर तरण्या डोळ्यांना तो बहुतेक दिसेल. निवांत चंद्र मात्र ९ अंशांवरच रेंगाळलेला. कोर केसासारखी, संधिप्रकाशात बुडालेली, आणि अर्ध्या-पाऊण तासात मावळणारी. असा चांद डोंगरमाथ्यावरून, धूळ नसलेल्या क्षितिजावर, नेमकी जागा ठाऊक असलेल्या एखाद्याला दिसू शकतो आणि शहरात इमारतींच्या मागे हजार माणसांना दिसत नाही. दोन्ही महिन्यांत तास तेवढेच, मग कुणी खोटे बोलले असे नुसत्या तासांवरून कसे म्हणता येईल?

आता जाड चांदाचे पाहू. समजा २९ तारखेच्या संध्याकाळी घाईतला चंद्र १४ तासांचा होता, म्हणजे सूर्यापासून ८ अंशांवर. कुणालाही दिसला नाही आणि ३० पूर्ण केले. दुसऱ्या संध्याकाळी तो ३८ तासांचा झाला आणि सूर्यापासून २२ अंश, म्हणजे दोन मुठींहून जास्त दूर गेला. आता तो जवळजवळ दीड तास आकाशात राहतो, आणि ९ अंशांवरच्या चांदाच्या तुलनेत त्याचा उजळ भाग सहा पट असतो. पाहणारा म्हणतो, हा तर दुसऱ्या दिवसाचा. पण हाच पहिल्यांदा दिसलेला चांद आहे, त्याआधी तो दिसण्याजोगा नव्हताच. पहिल्या संध्याकाळचे दोन चांद एकमेकांपेक्षा इतके वेगळे असू शकतात. जाडीवरून तारीख वाचता येत नाही.

एक गोष्ट इथेच सांगून टाकते, कारण दर वर्षी विचारली जाते. मक्केत सूर्य मुंबईपेक्षा सव्वादोन तास उशिरा मावळतो. तेवढ्या वेळात चंद्र सूर्यापासून आणखी एक अंश, म्हणजे करंगळीएवढा, दूर जातो. सीमेवरच्या चांदाला एवढी मुदत कधीकधी पुरते. आणि आपल्याकडे आणखी एक अडचण आहे. फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये संध्याकाळी चंद्राचा रस्ता पश्चिम क्षितिजावर जवळजवळ उभा असतो, म्हणून नवा चांद सूर्याच्या डोक्यावर लटकतो आणि सहज सापडतो. ऑगस्ट ते ऑक्टोबरमध्ये तोच रस्ता कलंडलेला असतो, चांद सूर्याच्या बाजूला सरकून लवकर बुडतो. त्यात आपल्याकडे पावसाळा.

महिना कधी २९ चा आणि कधी ३० चा का, हेही याच ओढीतून येते. ताऱ्यांच्या हिशेबाने चंद्र २७.३ दिवसांत पृथ्वीभोवती एक फेरी पूर्ण करतो. पण तेवढ्या दिवसांत पृथ्वी स्वतः सूर्याभोवती पुढे गेलेली असते, म्हणून सूर्य आकाशात त्याच जागी नसतो. चंद्राला त्याला गाठायला आणखी सुमारे २९ अंश चालावे लागते. हे शेवटचे २९ अंश तो घाईत चालला तर दोन दिवसांहून कमी लागतात, रमतगमत चालला तर जवळजवळ अडीच दिवस. म्हणून अमावास्या ते अमावास्या हा काळ कधी २९ दिवस साडेसहा तासांच्या आसपास असतो, कधी २९ दिवस २० तासांच्या. सरासरी २९ दिवस १२ तास ४४ मिनिटे. म्हणूनच २९, ३०, २९, ३० अशी ठरलेली पाळी आकाश पाळत नाही. लागोपाठ दोन-तीन महिने ३० चे येऊ शकतात.

ही उठाठेव आपल्या बुजुर्गांनी केली होती, हे मुलांना सांगितले पाहिजे. दमिश्कच्या उमय्यद मशिदीत इब्न अल-शातिर नावाचे मुवक्कित होते, म्हणजे नमाजच्या वेळा काढणारे. चौदाव्या शतकातले. त्या काळी ग्रीक विद्वान टॉलेमीचे चंद्राचे गणित प्रमाण मानले जाई. त्या गणिताने चंद्राची दिशा बरी यायची, पण अंतर मात्र असे बदलायचे की महिन्यात कधीकधी चंद्र दुप्पट मोठा दिसायला हवा. असा चंद्र कुणी पाहिलेला नव्हता. इब्न अल-शातिर यांनी नवी रचना मांडली, जिच्यात चंद्राचे अंतर बदलते पण भलतेच नाही. पुढे युरोपात कोपर्निकसने चंद्रासाठी जी रचना वापरली ती जवळजवळ हीच आहे. चंद्र कसा चालतो हे अशा माणसांनी शतकानुशतके मोजून ठेवले. तो असा का चालतो, याचे उत्तर न्यूटनच्या कायद्याने दिले.

आणि त्या कायद्याची खरी परीक्षा चंद्रानेच घेतली. आतापर्यंत मी असे बोलले जणू चंद्राला फक्त पृथ्वीच ओढते. सूर्य चंद्राला पृथ्वीपेक्षा दुपटीहून जास्त जोराने ओढतो! मग तो चंद्र हिसकावून का नेत नाही? कारण तो पृथ्वीलाही तसाच ओढतो. एकाच बसमध्ये बसलेल्या माय-लेकरांसारखे दोघे सूर्याभोवती सोबतच पडत जातात, आणि मूल आईभोवती फिरत राहते. तरीही चंद्र सूर्याच्या जवळच्या बाजूला असताना ओढ किंचित जास्त, लांबच्या बाजूला किंचित कमी. या फरकाने चंद्राचा रस्ता सतत डगमगतो. त्याची पृथ्वीला सर्वांत जवळ येण्याची जागा एका ठिकाणी राहत नाही, दर फेरीत सुमारे तीन अंश पुढे सरकते आणि पावणेनऊ वर्षांहून थोड्या जास्त काळात पूर्ण चक्कर मारते.

हे तीन अंश न्यूटनला आपल्या कायद्यातून काढायचे होते. त्याचे उत्तर दीड अंश आले, नेमके निम्मे. पुढे साठ वर्षे हा निम्मा हिशेब सगळ्यांना सलत राहिला. १७४७ साली पॅरिसमध्ये अलेक्सी क्लेरो नावाच्या गणितज्ञाने जाहीर केले की न्यूटनचा कायदाच अपुरा आहे, त्याला एक जोड द्यावी लागेल. मोठी खळबळ झाली. दीड वर्षाने, १७४९ मध्ये, त्याच क्लेरोने सांगितले की कायदा बरोबर आहे, आपण गणितात ज्या बारीक गोष्टी सोडून दिल्या होत्या त्या धरल्या तर पूर्ण तीन अंश येतात. भर सभेत केलेला दावा परत घ्यायला किती हिंमत लागते, ते प्रत्येक शिक्षकाला ठाऊक आहे.

या सरकत्या जागेचा आपल्या घरांशी थेट संबंध आहे. चंद्र नवा होताना तो घाईतल्या जागी असेल की निवांत जागी, हे त्यामुळे सतत बदलते. साधारण सात महिने नवे चांद घाईतले, मग सात महिने निवांत. हिजरी वर्ष १२ महिन्यांचे असल्याने दर रमजानला हा हिशेब थोडा मागे सरकतो आणि सुमारे सात वर्षांत चक्र पुरे होते. म्हणजे तीन-साडेतीन वर्षे रमजानचा चांद घाईतला, पुढची तीन-साडेतीन वर्षे निवांत. "आमच्या लहानपणी असा चांद नसायचा" असे जे घरातली मोठी माणसे म्हणतात, त्यात तथ्य असू शकते. त्यांच्या आठवणीतली वर्षे दुसऱ्या फेरीतली असतील.

क्लेरोचे नाव निघाले आहे तर त्याचीच पुढची गोष्ट सांगते, मुलींसाठी खास. एडमंड हॅली या इंग्रज विद्वानाने १५३१, १६०७ आणि १६८२ साली दिसलेले धूमकेतू ताडून पाहिले आणि सांगितले की हे तीन नाहीत, एकच आहे, आणि तो १७५८ च्या सुमारास परत येईल. हॅली १७४२ मध्ये वारला. धूमकेतू, ज्याला उर्दूत दुमदार तारा म्हणतो, त्याचा रस्ता चंद्रासारखा जवळजवळ गोल नसतो, भयंकर लांबट असतो. सूर्याजवळ हा धूमकेतू सेकंदाला ५४ किलोमीटर धावतो, आणि नेपच्यूनपलीकडे गेला की एक किलोमीटरही नाही. तिथे तो इतका मंद असतो की वाटेत गुरू आणि शनीने जरा ओढले तरी येण्याची तारीख महिनोन्‌महिने बदलते. ती ओढ मोजायची कुणी?

क्लेरो, खगोलज्ञ लालांद आणि निकोल-रेन लपोत नावाची एक बाई, असे तिघे बसले. यंत्र नाही, कागद आणि टाक. सहा महिने सकाळपासून रात्रीपर्यंत, कधी जेवताना सुद्धा, बेरजा आणि गुणाकार चालले होते, असे लालांदने पुढे लिहून ठेवले. त्यांचा निष्कर्ष असा: गुरू ५१८ दिवस उशीर करील, शनी १००. म्हणजे धूमकेतू १७५९ च्या एप्रिलच्या मध्याला सूर्याजवळून जाईल, महिनाभर इकडे-तिकडे. १७५८ च्या २५ डिसेंबरला तो पहिल्यांदा दिसला आणि १३ मार्च १७५९ रोजी सूर्याजवळून गेला. शहात्तर वर्षांच्या प्रवासात चूक एका महिन्याची. पुढे क्लेरोने पुस्तक छापले तेव्हा लपोतबाईंच्या कामाचा उल्लेख गाळला. लालांदने मात्र तिच्या मेहनतीचे श्रेय उघडपणे दिले. क्लेरोचे गणित मी शिकवते, पण ही गोष्टही सोबत सांगते. हा धूमकेतू १९८६ ला येऊन गेला, आता २०६१ ला येईल. आपल्या घरातल्या आजच्या शाळकरी मुली तेव्हा तो बघतील.

चंद्र, धूमकेतू, ग्रह, सगळ्यांना नियम एकच. सूर्याजवळचा बुध सेकंदाला सरासरी ४७ किलोमीटर धावून ८८ दिवसांत फेरी मारतो. नेपच्यून साडेपाच किलोमीटरने चालतो, त्याला १६५ वर्षे लागतात. आपली पृथ्वीही चंद्रासारखीच कधी घाईत, कधी निवांत असते. जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात ती सूर्याच्या सर्वांत जवळ, १४ कोटी ७१ लाख किलोमीटरवर असते आणि सेकंदाला ३०.३ किलोमीटर धावते. जुलैच्या सुरुवातीला १५ कोटी २१ लाखांवर जाते आणि वेग २९.३ होतो. (सूर्याजवळ असताना थंडी कशी, हा प्रश्न येणारच. थंडी-उन्हाळा पृथ्वीच्या कलण्याने होतात, या अंतराने नाही. जानेवारीत दक्षिण गोलार्धात उन्हाळा असतो.)

पृथ्वीची ही घाई घरबसल्या मोजता येते, आणि ते काम या महिन्यात मुलांना द्या. भिंतीवरचे कॅलेंडर काढा. २० मार्चच्या आसपास दिवस-रात्र सारखे असतात आणि २२ सप्टेंबरच्या आसपास पुन्हा. मार्च ते सप्टेंबर दिवस मोजायला सांगा, १८६ येतील. मग सप्टेंबर ते पुढचा मार्च मोजा, १७९ येतील. पृथ्वीने दोन्ही वेळा अर्धेच वर्तुळ पार केले, तरी हिवाळ्यातले अर्धे आठवडाभर आधी संपले.

चांदासाठी दुसरी वही करा. दर महिन्याला पहिला चांद दिसला की तारीख, अमावास्येपासून किती तास झाले, सूर्य बुडाल्यावर किती वेळाने चांद मावळला, आणि सूर्य जिथे बुडाला तिथून तो किती मुठी किंवा करंगळ्या वर होता, एवढे लिहायचे. अमावास्येची वेळ पंचांगात किंवा कॅलेंडरच्या मागच्या पानावर असते. ढग असतील तर "ढग" लिहायचे, अंदाज नाही. चौदा महिने वही ठेवली की एक पूर्ण फेरी होते. मोठा भाऊ तास मोजील, धाकटी बहीण मुठी मोजील, आणि दादीजान सांगतील की त्यांना चांद दिसला की नाही. त्यांचे डोळे आता साथ देत नसतील, तर तेही प्रामाणिकपणे लिहून ठेवा.